जावेचं रिव्हॉल्व्हर

माझी जाऊ संजीवनी मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिच्याबद्दल लिहायला बसले म्हणून आमचं फार गूळपीठ आहे असं कुणी समजू नये. वैशाखऱ्याला, माळशेजच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर आहे. घर एकच, मधून भिंत घातलेली, पण ओटी आणि खळं सामायिक. भांडायला तेवढं पुरतं. मी थोरली, ती धाकटी. दोघींचेही नवरे गेले, तेव्हापासून भांडण सोडवायला कुणी नाही.

ती शहापूर तालुक्यातली, किन्हवलीकडची. लग्नात मी तिच्या मुंडावळ्या बांधत होते तर म्हणाली, "सैल झाल्यात, परत बांधा." मांडवात, सगळ्यांसमोर! तेव्हाच मी ओळखलं की ही बाई मला सुखानं जगू देणार नाही. पुढे फणसावरून झालं, सांडपाण्यावरून झालं, कोंबड्यांवरून तर रोजच. एसटीचा कंडक्टर, भाजीचा व्यापारी, पाटबंधाऱ्याचा साहेब, तिच्या तोंडाला लागून कुणी जिंकलेलं मी पाहिलं नाही. तिची मुलगी लग्न होऊन आसनगावला गेली, ती सुद्धा सणाला येते आणि दुसऱ्या दिवशी पळते. मी अंगणवाडीत सेविका होते. शंभर पोरं सांभाळली, पण ही एक बाई मला सांभाळता आली नाही.

शेतात मात्र ती राबते. हे मी नाकारलं असतं, पण सगळं गाव बघतं. भात, नाचणी, वरी, पावसाळी काकडी, सगळं एकटीच्या जिवावर. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, तिच्याकडे कायम बाळ्या आणि त्याची बायको चिमा. गावाच्या टोकाला कातकऱ्यांची, गावाच्या तोंडी कातोड्यांची, वाडी आहे, तिथली ही दोघं. संजीवनी त्यांच्यावरही ओरडायची, पण जेवायच्या वेळी आपल्या टोपलीतली भाकरी त्यांना द्यायची आणि बांधावर त्यांच्या शेजारी बसूनच खायची. आमच्या गावात हे सगळे करत नाहीत. मीही करत नव्हते.

आमच्याकडे आवणी सगळ्यांची एकदमच येते आणि माणसं तेवढीच. म्हणून एक रीत आहे, मजुरानं ज्याला आधी शब्द दिला त्याची लावणी आधी. मग दुसरा कितीही मोठा असो, त्यानं थांबायचं. माझा धाकटा भाऊ जीवन टोकावड्याचा. त्यानं आमच्या शेताला लागून जमीन खंडानं घेतली होती. त्याला थांबायची सवय नाही. लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन फिरायचे, मागेल ते हातात द्यायचे, त्याचा हा परिणाम असं माझी आई म्हणायची. त्या दिवशी त्याला बाळ्या हवा होता आणि बाळ्या म्हणाला, "संजीवनीबायची झाली का येतो." जीवनच्या हातात दांडकं होतं.

मी त्या दिवशी मुरबाडला मीटिंगला गेले होते. संध्याकाळी आले तर बाळ्याचा जीव गेला होता आणि संजीवनीला दवाखान्यात नेलं होतं, उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडलेली. जीवन म्हणाला, झटापट झाली, बाळ्या पाय घसरून दगडावर पडला आणि संजीवनी ओरडत धावत आली ती बांधावरून कोसळली. संजीवनी म्हणाली, त्यानं बाळ्याला डोक्यात मारलं आणि ती मधे पडली तर तिलाही मारलं. शेतात त्या दिवशी आणखी माणसं होती. सगळ्यांची तेव्हा मान खाली होती म्हणे, चिखलात रोपं लावत होते, काही दिसलं नाही. चिमा रोपं आणायला राबावर, रोपांच्या वाफ्याकडे, गेली होती. म्हणजे पाहणारी एकटी संजीवनी. ती कोर्टात बोलली तर जीवन जन्मभर आत, ती बोलली नाही तर बाळ्या घसरून मेला.

मी भावाचं खरं मानलं. मानणारच. एक माझा भाऊ आणि दुसरी ती बाई, जिला मुंडावळ्या सैल वाटल्या होत्या.

जीवनला जामीन झाला आणि मग सुरू झालं. तिची काकडी उपटून टाकली. रात्रीत पंपाची वायर गेली. टोकावड्याच्या नाक्यावर कुणीतरी तिच्या कानाशी येऊन म्हणालं, "दुसरा हात तरी सांभाळ." दारात पोलीस बसवू का, असं तिला चौकीतून विचारलं होतं. ही म्हणाली, दारात पोलीस बसला तर वाडीतलं एक माणूस माझ्या शेतावर येणार नाही. ते खरंच होतं. कातकरी माणूस पोलिसाची टोपी लांबून बघतो आणि डोंगराला लागतो. मग तिनं मुलीला हाताशी धरलं आणि परवान्याचा अर्ज केला. रिव्हॉल्व्हरचा! मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि इतकी हसले की चहा सांडला.

हसायचं कारण असं की तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. हाडांना स्टीलची पट्टी बसवली, टाके निघाले, पण दुखणं गेलं नाही. कोपरापासून अंगठ्यापर्यंत कळ जायची, मुंग्या यायच्या, तांब्या हातातून पडायचा. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, वेळ लागेल, कदाचित राहीलही तसंच. तिची वेणी मी घालायचे. प्रेमानं नाही. घरात दुसरी बाई नाही आणि मोकळ्या केसांनी ती ओटीवर बसली तर गावानं माझ्या तोंडात शेण घातलं असतं. मी वेणी घालताना केस ओढायचे आणि ती "हळू, दोरी वळताय काय" म्हणायची. असं आमचं चालायचं.

परवाना यायला वर्ष गेलं. आला तेव्हा जीवन मला म्हणाला, "बाय, तू जा तिच्यासंगती. कंचं घेते, चालवता येतंय का, बघ नि सांग."

"मी कशाला जाऊ?"

"तुझ्या भावासाठी जा."

गेले. संजीवनीलाही कुणीतरी लागणारच होतं, जीपमध्ये चढताना हाताला धक्का लागला तर डोळ्यांपुढे अंधारी यायची तिच्या. माझ्याकडे संशयानं बघत म्हणाली, "जाऊबाय, तुमी कवापासून माझ्या कामाला?" मी म्हटलं, "तुझ्या कामाला नाय, कल्याणला माझं काम हाय." दोघींना ठाऊक होतं की मी खोटं बोलतेय.

बंदुकीचं दुकान मी पहिल्यांदाच पाहिलं. दुकानदार सभ्य होता. त्यानं आधी पिस्तूल दाखवलं. त्याचा वरचा भाग मागे खेचावा लागतो तेव्हा गोळी चढते. संजीवनीनं उजव्या हातानं खेचून पाहिलं आणि तोंड वाकडं करून खाली ठेवलं. मग एक जुन्या घडणीचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, चांगलं जड. ते तिनं डाव्या हातात धरलं तर मनगट लगेच खाली. मग त्यानं हलकं काढलं. तेही बत्तीसचंच, पण कसल्या तरी हलक्या धातूचं, पर्समध्ये मावेल एवढं. संजीवनीनं ते उचललं, मनगटावर दोनदा तोललं आणि म्हणाली, "ह्येच."

ती काय करत होती ते मला कळलं, कारण मीही तेच केलं असतं. आमच्याकडे विळा असाच घेतात. बाजारात विळा मनगटावर तोलायचा आणि हात दुखरा असेल तर सगळ्यात हलका घ्यायचा. हलका विळा दिवसभर चालतो, हात भरून येत नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, आधी एकदा चालवून बघा कुठे. हलकं जास्त झटका देतं." संजीवनी म्हणाली, "मी जन्मभर लोखंड हातात धरलंय, मला नको शिकवू." बोलायची पद्धत बघा. त्यानं बिचाऱ्यानं निमूट बांधून दिलं.

मी टोकावड्याला उतरून जीवनला सांगितलं. हलकं घेतलंय, डाव्या हातानं धरते, उजव्यात जोर नाही. तो खूश झाला. मला माहेरी त्या दिवशी मटण होतं.

चालवायला शिकायचं एका रायफल क्लबात, तेही कल्याणच्या पलीकडे. शिकवणारी सारिका नावाची तरुण मुलगी होती, केस आखूड, आवाज खणखणीत. तिनं रिव्हॉल्व्हर पाहिलं, संजीवनीचा हात पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मावशी, हे कुणी घ्यायला सांगितलं? वजन कमी म्हणजे सगळा धक्का तुमच्या हातात." संजीवनी म्हणाली, "तू दाखव कसं धरायचं ते." मुलीनं डावा हात धरायला, उजवा खालून आधाराला ठेवायला शिकवलं. आमच्या कानांवर ते जाडजूड कानटोप चढवले. मी मागे बाकावर बसले होते, दोघींपासून चार पावलांवर.

बार झाला. रिव्हॉल्व्हर उसळलं, आधार दिलेल्या उजव्या हातात कळ गेली आणि संजीवनी गुडघ्यावर बसली. सारिकानं चपळाईनं हत्यार काढून घेतलं. चूक कळली होती. कोणतीही शहाणी बाई घरी गेली असती. ही उठली, तोंडावर पदर फिरवला आणि म्हणाली, "परत."

दुसऱ्यांदा जे झालं ते मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. शेजारच्या पट्ट्यात दुसऱ्या कुणीतरी बार काढला. संजीवनीनं अजून हत्यार हातात घेतलंही नव्हतं. आवाज झाला आणि तिचा उजवा हात आपोआप वर गेला, डोळ्यांच्या वर, कोपर बाहेर, मनगटाची बाहेरची बाजू पुढे. जो हात वेणीपर्यंत जात नव्हता तो कपाळापर्यंत गेला. क्षणभरच, मग ती कळवळून खाली वाकली. पण त्या क्षणात तिच्या हातावरचा टाक्यांचा वण माझ्यासमोर आला, बरोबर बाहेरच्या बाजूला, जिथे वरून आलेलं दांडकं बसेल तिथे.

मी अंगणवाडीत पोरं पडताना रोज बघितली आहेत. पडणारं माणूस हात खाली टेकतं. हात वर तेव्हाच जातो, जेव्हा वरून काहीतरी येत असतं.

मला त्या बाकावर बसवेना. तिचा राग आला, खरंच सांगते. हिनं मला हे का दाखवलं? मी बरी होते. मला भाऊ होता, माहेर होतं, ही बाई खोटारडी होती, सगळं जागच्या जागी होतं. परतीच्या जीपमध्ये तिचा हात सुजून पायलीएवढा झाला होता आणि मी सगळी वाट बाहेर बघत बसले. ती म्हणाली, "तोंडाला काय झालं? हसा की, बाय. पैसे पाण्यात गेले माझे."

टोकावड्याला जीवन नाक्यावरच उभा होता. मी उतरून त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, "बांधावरून पडली तर तिचा हात बाहेरून कसा मोडला रे?"

"मना काय ठाव?"

"पडणारं माणूस हात खाली टेकतंय, जीवन."

नाही म्हणाला असता तर मी अजूनही मानलं असतं, इतकी मी त्याची बहीण होते. तो म्हणाला, "तो कातोडी, बाय. त्याच्यासाठी तू मला इचारतंस?"

मी पुढची जीप धरून घरी आले. त्यानंतर त्याला मी एक अक्षर सांगितलं नाही. पण सांगितलं होतं तेवढं त्याला पुरेसं होतं.

हत्यार बदलायचं म्हणजे पुन्हा परवानगी, पुन्हा हेलपाटे. संजीवनीचा हात उतरायला महिना लागला. ह्या वेळी ती सारिकाचं ऐकत होती, म्हणजे तिच्या मानानं. सारिकानं क्लबातलं एकेक हत्यार तिच्या हातात देऊन पाहिलं. जड बत्तीस झटका कमी देत होतं, पण दोन बार झाले की हात थरथरायचा. शेवटी बावीस बोअरचं रिव्हॉल्व्हर काढलं. गोळी बारीक, आवाज बारीक आणि झटका असा की दार जरा जोरात लावल्यासारखं वाटावं. संजीवनीनं पाच बार काढले आणि पाचव्यानंतरही ती उभी होती.

एकच अडचण होती. नुसता चाप ओढून बार काढायचा तर तो चाप भारी घट्ट, डाव्या बोटाला ओढवत नव्हता. सारिका म्हणाली, "आधी मागचा घोडा, गोळीवर आपटतो तो, अंगठ्यानं मागे ओढायचा. मग चाप एकदम हलका होतो, नुसतं बोट लावलं तरी सुटतो. म्हणून घोडा मागे असताना बोट बाहेर, कायम बाहेर." डाव्या हातानं धरून डाव्याच अंगठ्यानं घोडा ओढायला तिची पकड सुटायची. म्हणून डाव्यानं धरायचं आणि उजव्या अंगठ्यानं ओढायचं, असं ठरलं. उजव्या हाताला तेवढंच काम. बार न काढता घोडा परत खाली कसा सोडायचा, हेही तिनं दाखवलं. नळी जमिनीकडे, अंगठ्यानं घोडा घट्ट धरून ठेवायचा, चाप दाबायचा आणि मग घोडा हळूहळू, दूध उतरवल्यासारखा खाली आणायचा. अंगठा सुटला तर गोळी सुटली. मी मागे बसून हे सगळं बघत होते. मला कुणी शिकवत नव्हतं, पण डोळे मिटून थोडीच बसणार?

गावात चेष्टा झाली. एवढा खटाटोप करून उंदीर मारायचं खेळणं आणलंन म्हणाले. संजीवनी म्हणाली, "उंदीरच येतात माझ्या खळ्यात." कमरेला लावायला तिनं मुरबाडच्या चांभाराकडून चामड्याची पिशवी करून घेतली, डाव्या बाजूला. ती लुगड्याखाली बांधायचं काम, अर्थातच, माझ्याकडे आलं. मी म्हटलं, "आता हेच राहिलं होतं." ती म्हणाली, "घट्ट बांधा, मुंडावळ्यांसारखं नको." म्हणजे तिलाही आठवत होतं. मी पट्टा इतका आवळला की ती कळवळली.

साक्षीची तारीख लागली ती थंडीत. आमच्याकडे दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. सगळी कातकरी माणसं वीटभट्टीवर जातात, झोपड्यांना काटक्या लावून. चिमाही भिवंडीकडच्या भट्टीवर होती, ती थेट कोर्टात येणार होती. त्यामुळे झोडणीला माणूस नाही. भात खळ्यात रचलेलं, वर ढग आलेले. संजीवनीला डॉक्टरांनी काय सांगितलं होतं आणि मी काय सांगितलं होतं, सगळं तिनं गुंडाळून ठेवलं आणि दोन दिवस डाव्या हातानं, मधूनमधून उजव्यानंही, पेंढ्या झोडल्या. मी म्हटलं, "परवा कोर्टात हात कसा वर करणार शपथेला?" ती म्हणाली, "तोंडानं घेतात शपथ. तुमी बसून मोजा फक्त." मग काय, मी पण पदर खोचला आणि झोडायला लागले. तिचं भात भिजलं असतं तर माझ्याच डोक्यावर बसून रडली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, साक्षीच्या आदल्या दिवशी, आम्ही दोघी खळ्यात होतो. शेजारपाजारचे शेतावर. वाडीकडे कुत्रंसुद्धा नव्हतं. जीवन पायवाटेनं आला. त्याला तिच्या आसपास फिरकायची कोर्टाची बंदी होती, पण बंदी कागदावर असते आणि तो खळ्यात होता. हातात दांडकं होतं. नवीन दांडकं, आधीचं कोर्टात जमा आहे.

"बाय, तू आत जा," तो मला म्हणाला. त्यानं लहानपणी कधी मला आज्ञा केली नव्हती.

मी हलले नाही. संजीवनीनं पेंढी टाकली आणि डाव्या हातानं कमरेचं रिव्हॉल्व्हर काढलं. काढलं छान, तेवढा सराव झाला होता. जीवन थांबला. मग तिनं उजवा अंगठा घोड्यावर ठेवला आणि ओढला.

घोडा हलला नाही. दोन दिवस झोडणी करून तो हात मेला होता. तिनं परत ओढला, ओठ दातांत धरून. अंगठा घोड्यावरून घसरला. तिच्या कपाळावर घाम फुटलेला मला दिसला आणि जीवनलाही दिसला.

"चालव की," तो म्हणाला. "जोर नाय तुझ्या हातात. माझ्या बायनंच सांगितलंय." आणि त्यानं पाऊल पुढे टाकलं.

मला किती राग आला ते सांगायला शब्द नाहीत. त्याचा आला, माझा आला, त्या मटणाचा आला. आणि तिचा सर्वांत जास्त आला, कारण हे ऐकूनही तिनं माझ्याकडे मान वळवली नाही. तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं मी कशाला तिच्याबरोबर जाते ते, आणि तरी ती माझ्याकडून वेणी घालून घेत होती.

मी तिच्या शेजारी गेले, हात पुढे केला आणि माझ्या अंगठ्यानं घोडा मागे ओढला. कट्ट वाजलं. बारीकसा आवाज, पण खळ्यात दुसरा आवाजच नव्हता.

जीवन माझ्या हाताकडे बघत राहिला. "बाय, तू?"

"हो, मी. हलू नको. आता हिला नुसतं बोट लावायचंय."

"मी तुझा भाऊ हाय."

"म्हणून तर सांगते, हलू नको."

त्यानं दांडकं टाकलं नाही, पण एक पाऊल मागे घेतलं, मग दुसरं. पायवाटेपर्यंत तो उलटाच चालत गेला, तोंड आमच्याकडे. मग वळला आणि करवंदीच्या जाळीआड गेला. मी त्याला कडेवर घेऊन ह्याच वाटेनं टोकावड्याहून आमच्या आत्याकडे यायचे. तेव्हा तो माझ्या खांद्यावर झोपायचा.

संजीवनी तशीच उभी होती. "जाऊबाय," ती म्हणाली, "घोडा वर हाय."

"दिसतंय मला."

"माझ्यानं खाली सोडवणार नाय. अंगठ्यात जीव नाय माझ्या."

मी म्हटलं, "खाली ठेव मग." ती म्हणाली, "असाच ठेवला नि कोंबडीचा पाय लागला म्हंजे?" तिचं बरोबर होतं, नेहमीसारखंच, आणि नेहमीसारखाच तिचा राग आला. मग आम्ही दोघी खळ्यात उकिडव्या बसलो. नळी मातीकडे केली. हत्यार तिच्या डाव्या हातात, चापावर तिचं बोट, घोड्यावर माझा अंगठा. तिनं चाप दाबला की सगळा भार माझ्या अंगठ्यावर येणार. मी सोडला की गोळी तिच्या पायात. आणि मी ह्या बाईशी तीस वर्षं भांडत आले होते.

"धरलाय?" ती म्हणाली.

"धरलाय."

"नक्की?"

"दाब गो बाय एकदाची!"

तिनं दाबला. घोडा माझ्या अंगठ्याला जोरानं ढकलत होता. मी त्याला हळूहळू खाली आणलं. तो टेकला तेव्हा तिनं हत्यार पिशवीत घातलं आणि मी पट्टा पुन्हा आवळला.

संध्याकाळच्या आत मी टोकावड्याच्या चौकीत जाऊन तक्रार दिली, माझ्या नावानं. संजीवनी देते म्हणाली होती. मी म्हटलं, तू गप्प बस, भाऊ माझा आहे. जीवनचा जामीन रद्द झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टातच धरलं. आई माहेरी अंगणात उभी होती म्हणे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की तिला मुलगी नाही.

कोर्टात संजीवनीनं सगळं सांगितलं. बाळ्या कुठे उभा होता, काय म्हणाला, दांडकं किती वेळा वर गेलं. चिमा भट्टीची राख अंगावर घेऊन भिंतीला टेकून ऐकत होती. जीवनच्या वकिलाकडे विचारायला एकच चांगला प्रश्न होता आणि त्यानं तो शेवटी ठेवला होता. "तुमचं तुमच्या जावेशी तीस वर्षं वैर आहे. म्हणून तुम्ही तिच्या भावाला गुंतवताय. खरं की नाही?"

संजीवनीनं मान वळवून मागे बाकावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"वैर हाय," ती म्हणाली. "अजून हाय. पण काल तो दांडकं घेऊन आला तवा माझ्या बाजूला तीच उभी होती. तिलाच इचारा."

वकिलानं कागद गोळा केले आणि खाली बसला. मला कुणी काही विचारलं नाही. जीवन पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली नाही.